एका नावावरचा माल

बोथ, १७ नोव्हेंबर २०२४

सुवर्णा,

मामाचं पत्र पाहून घाबरू नको, इकडे सगळे बरे आहेत. फोनवर मला मनासारखं सांगता येत नाही. तुझी मामी मधेच फोन घेते आणि मग लोणच्याचं निघतं. म्हणून लिहायला बसलो.

तू पुण्याला ज्या कचेरीत काम करतेस तिथं लेखकांचे एजंट असतात, असं तुझ्या आईनं सांगितलं. लिटररी एजंट म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आदिलाबादच्या कापूस बाजारात मी सारी उमर अडत्या म्हणून काढली. शेतकऱ्याचा माल घेणाऱ्यापुढे मांडायचा, दोघांचं जमवून द्यायचं आणि आपली अडत घ्यायची. तुझ्या मॅडम तेच करतात, फक्त माल कागदाचा.

बाजार सोडल्यापासून दर रविवारी माझ्या ओसरीत मराठीत लिहिणाऱ्यांची बैठक भरते, हे तुला माहीत आहे. पूर्वी चपला ठेवायला जागा नसायची. आता पाच-सहा जण येतो. इथं तेलंगणात पोरं तेलुगू नाही तर इंग्रजी शाळेत जातात, मग हे वाचणार कोण, असं दर रविवारी कुणीतरी म्हणतं आणि पुढच्या रविवारी तोच माणूस आधी येऊन बसतो. मीही थकलो आहे. ओसरी बंद पडायच्या आधी इथून एक पुस्तक निघावं, एवढंच मनात आहे.

सोबत नऊ कथा पाठवतो. लेखिका प्रियदर्शनी, वय सव्वीस. इथल्या मीसेवा केंद्रात खिडकीवर बसून लोकांचे दाखले काढून देते. मॅडमपुढे ठेव. नात्यानं नाही, माल पाहून.

तुझा चंपतमामा


पुणे, २ डिसेंबर २०२४

मामा, नमस्कार.

खरं सांगते, पाकीट पाहून मी आधी कपाळाला हात लावला. आमच्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांची चळत माझ्या टेबलावरून खिडकीपर्यंत गेली आहे. माझं काम म्हणजे ती वाचणं आणि नव्वद टक्के लोकांना गोड शब्दांत नाही कळवणं. इतके नकार लिहिले आहेत की घरी भाजीवाल्यालाही मी 'आपल्या प्रयत्नांचे कौतुक वाटते' म्हणेन अशी भीती वाटते. त्यात गावाकडून कुणी काही पाठवलं की नाही म्हणणं जड जातं, म्हणून ते पाकीट मी आठवडाभर उघडलंच नाही.

उघडल्यावर मात्र उठले नाही. 'वांग्याचं रोप' ही कथा म्हातारी बाई सांगते तशी आहे. 'हजेरी' वाचताना निवृत्त मास्तर समोर बसलेत असं वाटतं. हायवेवरच्या टायरच्या दुकानाची 'पंचर' तर थेट गुडीहत्नूरच्या नाक्यावर नेऊन सोडते. सव्वीस वर्षांच्या मुलीला इतक्या माणसांच्या आत शिरता येतं कसं? फक्त 'दोन नंबरची खिडकी' मला जरा बारीक वाटली, ती गाळता येईल.

मी संग्रह शीतल मॅडमकडे दिला, आणि वर लिहिलं की याची जबाबदारी माझी. असं मी इथं आजवर दोनदाच लिहिलंय. त्यांना आवडलाय. त्या मोठ्या प्रकाशकाशी बोलतील, हिंदी-इंग्रजी अनुवादाचंही पाहतील. पण आधी त्यांना प्रियदर्शनीशी व्हिडिओवर बोलायचं आहे. तिला सांगा.

सुवर्णा


बोथ, २० डिसेंबर २०२४

सुवर्णा,

तुझं पत्र बैठकीत वाचून दाखवलं. यशवंतराव गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, परत पुसला. मनकर्णाबाई बाजारातून उरलेली मेथी घेऊन आली होती, ती म्हणाली, "अवं भाऊ, पुन्याच्या बाईले वांग्याचं आवडलं म्हन्ते! तिले वांगे धाडा लागते काय?" लखन गुडीहत्नूरहून दुकान बंद करून आला होता. खूप दिवसांनी ओसरीत माणसं मोठ्यानं हसली.

बोलण्याचं जरा राहू दे. प्रियदर्शनीला सुटी मिळत नाही. सध्या केंद्रात गर्दी आहे, आणि घरी नेटवर्क धड नाही. मुलगी लाजाळूही आहे. बाजारात माल पाहतात, शेतकऱ्याची मुलाखत घेत नाहीत. तू मॅडमला तसं समजावून सांग आणि जे काही कागद करायचे ते डाकेनं पाठव, सह्या करून देऊ.

मनकर्णाबाई रोज विचारते, आमचं कधी छापून येते. इथं असा उत्साह आहे.

चंपतमामा


पुणे, १२ जानेवारी २०२५

मामा,

बोलणं मागच्या आठवड्यात झालं. मॅडमनी तुमचं ऐकलं नाही, आणि त्यांनी ऐकायचं कारणही नव्हतं.

मी शेजारी बसले होते. मॅडमनी विचारलं, वांग्याच्या कथेत म्हातारी रोप उपटते आणि परत लावते, ते का? प्रियदर्शनी म्हणाली, "ते मनकर्णाबाईलेच विचारा लागते." मॅडमना वाटलं, मनकर्णाबाई म्हणजे कथेतलं पात्र. त्या हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, ती कथा माझी नाही. टाइप मी केली. बाकीच्यापण बऱ्याचशा दुसऱ्यांच्या आहेत. मला आधीच सांगायला पाहिजे होतं."

मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरले नाही.

मामा, दुसऱ्याचं लिखाण आपल्या नावावर देणं याला आमच्या धंद्यात एकच शब्द आहे आणि तो मला तुमच्यासाठी वापरायचा नाही. मी जबाबदारी घेतली होती. आता माझी प्रत्येक शिफारस दुसरं कुणीतरी परत तपासतं. माझं मी पाहीन. पण त्या मुलीचं काय? मराठीतून पुढं पुस्तक नेणारे एजंट बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या एकीच्या डोक्यात तिचं नाव आता कायमचं असं बसलं. हे काऊन केलं तुम्ही?

सुवर्णा


बोथ, २५ जानेवारी २०२५

सुवर्णा,

पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

तुमच्या कचेरीच्या वेबसाइटवर लिहिलं आहे की एका लेखकाचा संग्रह घेतो, अनेकांचा मिळून घेत नाही. लखननं मोबाइलवर वाचून दाखवलं. आमच्यात एकाकडेही पुस्तकभर माल नाही. मग आम्ही तेच केलं जे इकडं दर हंगामात करतो. चार घरचा थोडा-थोडा कापूस एका गाडीत भरायचा, ज्याचे कागद धड आहेत त्याच्या नावावर बाजारात न्यायचा, घरी आल्यावर ज्याचं त्याला वाटून द्यायचं. तू लहानपणी अशा गाडीवर बसून आली आहेस. त्यात कुणी चोर नसतो. ज्याचं नाव असतं त्याला उलट लोक चहा पाजतात.

प्रियदर्शनीचं नाव घेतलं कारण तिला मेल करता येतो, फोटो होता, आणि नवीन लेखिका म्हटलं की लोक वाचतात असं गुरुजी म्हणाले. ती मला म्हणाली होती, "काका, हे मले बराबर नाई वाटत." मी म्हणालो, "बाजारात असंच असते, तू नको भिऊ." माझ्या शब्दावर तिनं नाव वापरू दिलं.

कापसावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. हे वेगळं आहे, हे मला तू फटकारल्यावर समजलं. तुझ्या मॅडमना मी वेगळं पत्र पाठवलं आहे. हा सगळा बेत माझा, मुलीचा नाही, एवढंच त्यात आहे. उत्तर मागितलेलं नाही.

काही रस्ता असेल तर सांग. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी.

चंपतमामा


पुणे, १६ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र मॅडमनी वाचलं. घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. काल मात्र संध्याकाळी निघताना माझ्या टेबलाशी थांबल्या. म्हणाल्या, "त्या मुलीला थाप मारून निभावून नेता आलं असतं. तिनं मारली नाही. तिचं स्वतःचं काय आहे?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

त्यांचं म्हणणं असं: फक्त तिचं लिखाण, कादंबरीची सुरुवात असेल तरी चालेल, जूनअखेरपर्यंत पाठवावं. त्या स्वतः वाचतील. त्यानंतर हा विषय त्यांच्याकडून बंद. त्या शब्द फिरवत नाहीत, दोन्ही बाजूंनी.

म्हणून आता नऊ कथा ज्याच्या त्याला वेगळ्या करा आणि तिच्या कोणत्या ते कळवा. माझा अंदाज, 'पंचर' तिची असावी. किंवा 'हजेरी'. तिच्याकडे आणखी काही लिहिलेलं असेल तर तेही पाठवा. बाकीच्यांचं पुढं पाहू. त्यांच्यासाठी मासिकं आहेत, दिवाळी अंक आहेत, मी पत्ते देईन. आधी तिचं.

आणि मामा, मी अजून रागावलेली आहे. पण मॅडमना तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते बरं केलंत.

सुवर्णा


बोथ, ९ मार्च २०२५

सुवर्णा,

वेगळ्या केल्या. ओसरीत सतरंजीवर नऊ गठ्ठे मांडले आणि ज्याची त्यानं उचलायची असं ठरवलं. मनकर्णाबाईनं तीन उचलल्या. तिला लिहिता येत नाही, तिनं सांगितलेल्या आणि प्रियदर्शनीनं उतरवलेल्या. गुरुजींनी दोन. लखननं दोन, त्या त्यानं मोबाइलवर बोलून पाठवल्या होत्या, ऐकून ऐकून हिनं लिहिल्या. एक माझी, बाजाराची. सतरंजीवर एक उरली. 'दोन नंबरची खिडकी'. तू गाळायची म्हणालीस ती.

मी विचारलं, "पोरी, बाकीचं तुझं कुठं आहे?"

ती म्हणाली, "बाकीचं डोक्यात आहे, काका. सहा दिवस खिडकी असते, सातव्या दिवशी तुमी असता."

टोमणा नव्हता. सहज बोलली. गुरुजींची कथा तिनं किती वेळा नव्यानं लिहिली ते गुरुजींनाच माहीत. दर रविवारी सगळ्यांचं तीच वाचून दाखवायची, रात्री घरी नेऊन तीच नीट करायची. आम्ही बैठकीला साहित्याची सेवा म्हणायचो. सेवा तिच्याकडून होत होती आणि साहित्य आमचं होत होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन तिला सांगून आलो की आता बैठकीला येऊ नको. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'असं कसं काका' म्हणून ती आली असती, हे मी तिला ओळखतो म्हणून सांगतो. तूही सांगू नको. राग येऊ दे तिला. राग आला की माणूस घरी बसतो. जूनचं मी तिला चिठ्ठीनं कळवलं आहे.

चंपतमामा


बोथ, १३ एप्रिल २०२५

सुवर्णाताई,

आपण स्क्रीनवर एकदाच भेटलो, तेही अशा प्रसंगात. त्या दिवसाबद्दल तुमची माफी मागायची राहिली होती, ती आधी मागते.

जूनपर्यंत लिखाण पाठवायचं असं चंपतकाकांनी चिठ्ठीत लिहिलं. शीतल मॅडमचे आभार सांगा. पण मी काही पाठवू शकेन असं वाटत नाही.

मला बैठकीतून काढलं. खरं बोलले म्हणून, दुसरं काय? काका केंद्रात आले, खिडकीसमोर उभे राहिले, मागं जातीच्या दाखल्याची रांग. म्हणाले, "रविवारी येऊ नको." आणि गेले. रांगेतल्या एकानं विचारलं, "काऊन वं, काय केलं तुनं?" त्याला काय सांगू? मनकर्णाबाई बाजारात दिसली तर तोंड फिरवून मेथी मोजायला लागली.

पहिले दोन रविवार मी घरी नुसती बसून राहिले. आईनं विचारलं, अंगात ताप आहे का. त्या लोकांचं लिहिताना मला वाटायचं मी लेखिका आहे. आता समोर कोरं पान असतं आणि मी त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी ऐकू येण्याची वाट पाहते. तुम्ही माझी एकच कथा वाचली आणि ती गाळायला सांगितली, हेही मला कळलं आहे. तुम्ही बरोबर असाल. मी थकले ताई.

प्रियदर्शनी


पुणे, २४ एप्रिल २०२५

प्रियदर्शनी,

मामांनी मला एक गोष्ट तुला सांगू नको म्हणून सांगितलं होतं. मी सांगते आहे. त्यांच्या ९ मार्चच्या पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे, वाच. त्यांनी तुला काढलेलं नाही. आपल्या मामांना बाजार कळतो, माणसाशी बोलणं कळत नाही. मनकर्णाबाईला बहुतेक दटावून ठेवलं असेल, तुझ्याशी बोलायला गेली की तुझ्या हातात नवी गोष्ट देईल म्हणून.

दुसरं. तुझी कथा मी परत वाचली. ती बारीक नाही, अर्धवट आहे. खिडकीतल्या बाईला रांगेतला म्हातारा विचारतो, "तुमचा दाखला कोण काढून देतं?" आणि तिथंच कथा संपते, जणू लिहिताना तुला कुणीतरी हाक मारली. आता मला वाटतं, खरंच मारली असेल. मी दिवसाला चार हस्तलिखितं चाळते, तेव्हा हे माझ्या नजरेतून सुटलं. ही माझी चूक. तू माझ्या मताला फार किंमत देऊ नको.

ती बाई म्हाताऱ्याला काय उत्तर देते? मला ते वाचायचं आहे. मॅडमचं नंतर.

सुवर्णा


बोथ, २२ जून २०२५

सुवर्णाताई,

सोबत छत्तीस पानं आहेत. कादंबरी म्हणायला संकोच वाटतो. खिडकीतली बाई म्हाताऱ्याला उत्तर देत नाही. ती जेवणाची सुटी म्हणून पाटी लावते आणि उठते, तिथून पुढं सगळं सुरू होतं. पुढं काय होतं ते मलाही थोडंच माहीत आहे.

तुमचं पत्र वाचून मी तडक ओसरीवर भांडायला गेले होते. काका बाजेवर बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "मले सांगता नाही आलं तुमाले?" ते म्हणाले, "सांगतलं असतं तर तू ऐकलं असतं का?" मी म्हटलं, नसतं ऐकलं. "मंग?" म्हणाले आणि परत पेपर उघडला. मी चहा न पिता परतले. त्यांच्यावरचा राग गेला असं म्हणता येत नाही. पण रविवार माझा झाला होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

मागच्या आठवड्यात ते परत खिडकीवर आले. रांगेतून, नंबर लावून. मला वाटलं उत्पन्नाचा दाखला पाहिजे असेल. हळूच म्हणाले, "झालं असंन तर दोन पानं वाचून दाखवतं का? बैठकीत नाही, मले एकट्याले." मी नाही म्हटलं. त्यांना नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. त्यांनी मागच्या माणसाला पुढं बोलावलं, म्हणाले, "ये बाबा, माझं काम झालं."

ही पानं बोथमध्ये कुणी ऐकलेली नाहीत. चांगली नसतील तर स्पष्ट लिहा. गोड शब्दांत नको.

प्रियदर्शनी


पुणे, २० जुलै २०२५

मामा,

प्रियदर्शनीला आजच कळवलं, तुम्हालाही लिहिते. मॅडमनी होकार दिलेला नाही. पानं दोनदा वाचली, मला परत दिली नाहीत, आपल्या बॅगेत घरी नेली. मग म्हणाल्या, मधली दहा पानं सैल आहेत, पण पुढचं मला पाहायचं आहे. उरलेलं पूर्ण करायला एक वर्ष. तोवर करार नाही, आगाऊ काही नाही, फक्त त्या वाट पाहतील. इथली रीत पाहता हे थोडं नाही. पुस्तक निघेल की नाही, ते मात्र मलाही सांगता येणार नाही.

माझ्या शिफारशी अजून दुसऱ्याकडून तपासल्या जातात. सवय झाली. प्रियदर्शनीच्या पानांवर मी शिफारस लिहिलीच नाही, नुसतं नाव लिहून दिलं.

तेव्हा वर्षभर तिला बैठकीत घेऊ नका. ती स्वतः आली तरी चहा देऊन परत पाठवा. तुमच्या लोकांची कामं कोण करणार हे मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर या घटकेला त्याचा विचार करण्याचं त्राणही नाही. लखनची 'पंचर' एका दिवाळी अंकाला पाठवली आहे, त्याच्या नावानं. बघू.

सुवर्णा


बोथ, ३ ऑगस्ट २०२५

सुवर्णा,

कळलं. नाही घेत.

आता चौघंच असतो. गुरुजी आपलं आपण लिहितात आणि आपणच वाचून दाखवतात. फार लांबतं, पण आम्ही ऐकतो. लखन मोबाइलवर बोलतो तेव्हा मोबाइल स्वतःच लिहितो म्हणे, निम्मं तेलुगू लिपीत उमटतं, ते खोडत बसतो. मनकर्णाबाईचं काम माझ्याकडे आलं आहे. ती सांगते, मी उतरवतो. आयुष्यभर भावाचे आकडे भरभर लिहिले, पण माणूस बोलतं त्या वेगानं हात चालत नाही. थांबवलं की तिचा धागा तुटतो, नाही थांबवलं तर माझं सुटतं. प्रियदर्शनी हे सगळं इतकी वर्षं कसं करत होती, हे तिला विचारायला आता मला तोंड नाही.

आज मनकर्णाबाईनं एका बकरीची गोष्ट सुरू केली आहे. दुपारपासून आम्ही तिसऱ्या ओळीवर आहोत. ती मघाशी म्हणाली, "भाऊ, तुमी लिहून राह्यले का कापूस येचून राह्यले?" तुला हे पत्र लिहायला मध्येच घेतलं म्हणून जास्तच चिडली आहे.

ती समोर बसली आहे. बकरी अजून कुंपणाच्या अलीकडेच आहे. इथंच थांबतो.

चंपतमामा